सरकारला गाळून दिलेलं पाणी

पुंजाजी नगरपालिकेत शिपाई होता, पण तसं कोणी तोंडावर म्हटलं तर ते त्याला जड जायचं. तो स्वतःला पाणी तपासनीस म्हणवून घ्यायचा. खरी तपासणी दूर नागपूरकडच्या प्रयोगशाळेत व्हायची आणि पुंजाजीचं काम नाल्यातून बाटली भरून ती मलकापूरच्या गाडीत ठेवण्यापुरतंच होतं, एवढी बारीक गोष्ट तो सांगायला विसरायचा. कधी आरशासमोर मिशीला तेल लावताना ती त्याला आठवायची. मग तो आरशातल्या माणसाला विचारायचा, "काय तपासनीस, बाटली धुतली का?" आणि स्वतःच हसायचा. आपण फुगतो हे पुंजाजीला चांगलं माहीत होतं. फुगणं थांबवणं तेवढं त्याला जमत नव्हतं.

गावही त्याच्याच वळणाचं होतं. अमडापूरहून मोठं, खामगावहून लहान, आणि ऐटीत दोघांच्याही पुढे. महाराष्ट्र राज्य होऊन चारेक वर्षं झाली होती. नगरपालिकेच्या पाटीला नवा रंग लागला होता आणि रंगाला शोभेल अशी काहीतरी सुधारणा करावी, असं सभेत ठरलं. बरंच बोलणं झाल्यावर गावाबाहेरच्या उतारावरचे कचऱ्याचे खड्डे बंद करावेत, असा ठराव आला. खड्डे तोंडापर्यंत भरले होते, त्यामुळे ही सुधारणा तशीही टळली नसती. वर मुरूम टाकला, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, पाटी लावली आणि गाव मोकळं झालं.

पण उताराखालून एक नाला वाहायचा, आणि नाल्याच्या काठी पुंजाजीच्या धाकट्या बहिणीचा, जनकाबाईचा, भाजीचा मळा होता. तिचा नवरा शेषराव भाजी घेऊन बाजार करत फिरायचा. मळा, म्हैस आणि भांडणं हे तीन विभाग जनकाबाईकडे होते. खड्डे बंद होत असताना ती थेट सभेच्या दारात येऊन उभी राहिली. "तुमची घाण झिरपून माह्या पाण्यात आली त कोणाले सांगू?" असं तिनं विचारलं, आणि ती जाईपर्यंत सभेला चहा पिता येईना. म्हणून ठरावाला एक शेपूट जोडलं गेलं. नाला बिघडला तर नगरपालिका खालच्या मळ्याला स्वखर्चानं विहीर खोदून देईल. बिघडला की नाही ते प्रयोगशाळा सांगेल. आणि त्यासाठी दर महिन्याला नाल्याचं पाणी तिकडे जाईल.

पाणी कोणी न्यायचं, तर पुंजाजीनं. त्याची सगळी नोकरी त्याच खड्ड्यांवर कचऱ्याच्या गाड्या मोजण्यात गेली होती, आणि त्याच्या नाकाला आता कशाचंच काही वाटत नसे. हे नाक या कामाला योग्य आहे, असं सगळ्यांनाच वाटलं. पुंजाजीलाही.

प्रयोगशाळेतून बाटली यायची ती काचेची, काचेच्या बुचाची, तोंडावर जाड कागद बांधलेली. आतले जंतू मारून पाठवतात म्हणे. पुंजाजीचा या 'म्हणे'वर भरवसा नव्हता. बाटली कोणाकोणाच्या हातातून आली असेल, काय सांगावं? तो कागद सोडायचा, बाटली राखेनं घासायचा, चिंचेच्या पाण्यानं विसळायचा आणि अंगणात उन्हात पालथी ठेवायचा. बाटलीबरोबर सूचनांचा छापील कागदही असायचा. तो इंग्रजीत होता. पुंजाजी त्यात बूच गुंडाळून ठेवायचा.

"देवाचे भांडे तं कधी इतके घासले नाई तुम्ही," त्याची बायको गोजरबाई म्हणायची.

"देव घरचाच हाय," पुंजाजी म्हणायचा. "हे सरकारात जाते."

मग तो पितळी घागर, धुतलेलं पांढरं फडकं आणि तुरटीचा खडा घेऊन नाल्यावर जायचा. घागर भरायची, तिच्यात तुरटी फिरवायची, काठावरच्या दगडावर बसून विडी ओढायची, तोवर गाळ खाली बसायचा. मग वरचं निवळ पाणी चौपदरी फडक्यातून हलकेच बाटलीत. दारी आलेल्या पाहुण्याला कोणी गढूळ पाणी देत नाही. इथे तर शिकलेला साहेब चष्मा पुसून आपली बाटली उघडणार! त्यानं नाक मुरडलं तर गावाची काय लाज राहील? एकदा बाटलीत तुळशीचं पान टाकावं असंही पुंजाजीच्या मनात आलं होतं. सरकारी कामात देवधर्म आणू नये म्हणून ते राहिलं.

असं करण्यात काही चूक आहे, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. उलट आपल्याइतकं मन लावून हे काम जिल्ह्यात कोणी करत नसेल, अशी त्याची खात्री होती. आणि तेवढं खरंच होतं.

अहवाल यायचे ते एकाहून एक सरस. पाणी समाधानकारक. पाणी उत्तम. पोराचा निकाल लागल्यासारखा पुंजाजी ते घेऊन बहिणीकडे जायचा.

"हे पाह्य. पास."

"भाऊ, पाण्यावर तवंग येऊन राह्यला," जनकाबाई म्हणायची. "मेथी कडेनं पिवळी पडते. म्हैस तोंड लावत नाई."

"म्हैस किती शिकली हाय?"

"तुले वास येत नाई?"

"नाई बा." आणि यात तो खोटं बोलत नव्हता. त्याचं नाक कधीच निवृत्त झालं होतं.

मग जनकाबाई आत जायची आणि भावासाठी तांब्याभर पाणी आणायची. पाणी गार, नितळ असायचं. पुंजाजी एका दमात तांब्या रिकामा करायचा, मिशी पुसायचा आणि म्हणायचा, "हे गोड पाणी सोडून तुले विहीर पाह्यजे! माणसाचं समाधान कशात हाय, देवाले माहीत." जनकाबाई रिकामा तांब्या उचलायची आणि आत जायची. आपण बहिणीला निरुत्तर केलं, असं पुंजाजीला वाटायचं आणि परतीच्या वाटेवर तो शीळ घालायचा.

जनकाबाईनं विहिरीसाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. प्रयोगशाळेच्या मते पाणी उत्तम असल्याने विहिरीचा प्रश्न उद्भवत नाही, असं उत्तर निघालं. उत्तर पोचवायचं काम शिपायाचं, म्हणून तेही पुंजाजीनंच नेलं. तिनं पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच उत्तर आणि तेच उत्तर आणणारा तोच भाऊ. त्या वेळी तो मळ्यात पोचला, तेव्हा जनकाबाई गोठ्याच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. म्हशीनं गाभ टाकला होता. आदल्या सालीही टाकला होता. आता ती भांडेल, म्हणून पुंजाजी मनाची तयारी करून उभा राहिला. पण जनकाबाईनं कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि पदराखाली ठेवला.

"कागद म्हणते पाणी चांगलं हाय, तं चांगलंच असंन," ती म्हणाली.

त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुंजाजीला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. जनका लहानपणापासून भांडखोर. विटीदांडूतही हरली तर गावभर सांगत फिरायची. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी फार बिनसलं होतं. पण अहवाल कसा खोटा पडेल? एवढे शिकलेले लोक, एवढी मोठी प्रयोगशाळा. खोट असलीच तर ती नमुन्यात असेल, असं त्याला पहिल्यांदा वाटलं, आणि इथवर त्याचा विचार अगदी बरोबर चालला होता. त्यापुढे तो जो घसरला त्याची आठवण झाली की पुढे पुंजाजी स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायचा. त्याला वाटलं, आपलीच हयगय होत असेल. नमुना अजून नीट गेला पाहिजे. नमुना स्वच्छ असेल तरच साहेबाला आतली खोट स्पष्ट दिसेल ना?

आता बहिणीसाठी पुंजाजीनं कंबर कसली. खामगावहून पहिल्या प्रतीची तुरटी आणवली. फडकं चौपदरीचं आठपदरी केलं. बाटली इतकी घासली की गोजरबाईनं तिला कुंकू लावायचं तेवढं राहिलं. जितकी माया जास्त तितके फडक्याचे पदर जास्त, असा त्याचा हिशेब होता.

पुढचा अहवाल आला तो नेहमीसारखा नव्हता. पाणी असामान्य स्वच्छ असून एक अधिकारी जागा पाहण्यास येत आहेत, असं त्यात होतं. गावात आनंदीआनंद झाला. नगराध्यक्ष नारायणराव जिनिंगवाले मनानं वाईट नव्हते, पण त्यांना कशाचंही उद्घाटन करायला फार आवडायचं. "पुंजाजी, गावाचं नाव काढलं बे तू," ते म्हणाले. त्यांच्या मते नाल्याखाली औषधी झरा असला पाहिजे. काठावर धर्मशाळा कुठे बांधावी हेही त्यांनी काठीनं दाखवलं. पुंजाजीनं छाती पुढे काढून ऐकून घेतलं. बहिणीची आठवण आली की ती छाती थोडी आत जायची.

साहेब आला तो तरुण होता, पायात धुळीनं भरलेले बूट, आणि मलकापूरपासून एसटीत उभं राहून आल्यानं त्याची कंबर धरली होती. नाल्यावर पोचताच त्यानं रुमाल नाकाला लावला. वर काटेरी कुंपणातला उतार पाहिला, खाली पाणी पाहिलं. पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखा रंगीत पातळ थर होता. पुंजाजीलाही तो दिसत होता. त्याला वाटायचं, ऊन पडलं की पाणी चमकतं. मळ्याच्या बांधावर जनकाबाई विळा हातात घेऊन उभी होती.

"नमुना इथूनच भरता?" साहेबानं विचारलं.

"इथूनच, साहेब."

"मग नेहमी भरता तसा भरून दाखवा."

याच दिवसासाठी पुंजाजी जणू जन्मला होता. त्यानं धोतर खोचलं, घागर भरली, खिशातून तुरटी काढून साहेबाच्या डोळ्यांपुढे धरली आणि मग पाण्यात गोल गोल फिरवू लागला. फडक्याची घडी उघडली, झटकली, पुन्हा घडी घातली. हात इतके सराईत चालत होते की नारायणरावांनी मान डोलावली. बाटलीत पाणी पडू लागलं, निर्मळ, एक कण नाही.

"हे काय फिरवलंत?" साहेबानं हळूच विचारलं.

"तुरटी. खामगावची हाय साहेब, एक नंबर."

साहेब काठावरच्या दगडावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या नाल्याच्या पाण्यात तुरटी सापडते," तो म्हणाला. "ती येते कुठून, हे शोधायला मी डोंगर-खडकांची पुस्तकं वाचत बसलो होतो. वरिष्ठांना सांगून आलो की मी तुरटीचा खडक शोधून आणतो. आता परत जाऊन काय सांगू, तुमचा खिसा?"

पुंजाजीही हसला. साहेब हसतो म्हणजे काम पसंत पडलं, असं त्याला वाटलं. मग साहेब हसायचा थांबला.

"पुंजाजी, आम्हाला स्वच्छ पाणी नको होतं हो. त्यात घाण किती आहे तेच पाहायचं होतं. ती तर तुम्ही इथेच काढून टाकत होता."

"साहेब, तुमाले घाण कशी पाठवू?" पुंजाजी म्हणाला. तोंडातून हे शब्द गेले आणि त्याची नजर बांधाकडे गेली. तिथे जनका उभी होती. गोठ्यात म्हैस होती. दोन अर्ज, दोन्ही उत्तरं, ती नेणारे हे हात, आणि फडक्याचे आठ पदर. जनकाच्या हातून विहीर दुसऱ्या कोणी हिसकावून घेतली नव्हती. त्यानंच ती दर महिन्याला गाळून टाकली होती. गावातल्या सगळ्यात मोठ्या गाढवाला पाहायचं असेल तर आता आरसाही नको, असं त्याला वाटलं.

"पण आधीचे अहवाल आहेतच की," नारायणराव म्हणाले. धर्मशाळा त्यांना सोडवत नव्हती.

"ते नाल्याचे नव्हते," साहेब म्हणाला. "यांच्या फडक्याचे होते."

पुंजाजी मात्र एका गोष्टीला धरून उभा होता. तो बहिणीला म्हणाला, "अन् मी तुह्या घरी पाणी पेतो, ते? ते तं गोड लागते."

जनकाबाईनं मान खाली घातली. "ते मारुतीच्या विहिरीचं," ती म्हणाली. "सकाळी जाऊन आनतो."

मारुतीची विहीर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. भाऊ कोणत्या दिवशी येईल याचा नेम नसायचा, म्हणजे ती रोज आणत असली पाहिजे.

"मले सांगतलं काऊन नाई? एकदा हे पाजलं असतं तं मले समजलं नसतं का?"

"भावाले असं पाणी देऊ का?" ती म्हणाली. तिला प्रश्नच समजला नव्हता.

साहेबानं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि रुमालानं तोंड पुसलं.

मग जनकाबाई घरात गेली आणि तोच तांब्या घेऊन आली. नाल्यात उतरली, तांब्या बुडवला आणि भावापुढे धरला. "घे," ती म्हणाली. "आज जसं हाय तसं."

पुंजाजीनं तांब्या हातात घेतला. वर रंगीत थर फिरत होता, खाली काळं काहीतरी हलत होतं. त्यानं तो नाकापाशी नेला. नाकानं नेहमीप्रमाणे काहीच सांगितलं नाही. आपलं नाकही आपल्यासारखंच आहे, त्याच्या मनात आलं. मग त्यानं तांब्या ओठांकडे नेला. त्याला तो पिऊन टाकायचा होता, सगळा, तिच्यासमोर. पण जनकाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"पेऊ नको," ती म्हणाली. "पाह्यलं ना? बस झालं."

साहेबानं पेटीतून नवी बाटली काढली. तोंडावरचा कागद पाण्याच्या कडेलाच सोडायचा, बाटली धुवायची नाही, पाण्यात तिरपी बुडवायची आणि जे येईल ते येऊ द्यायचं, असं त्यानं सांगितलं. पुंजाजीनं तसं केलं. काळपट पाणी गुडगुडत आत शिरलं, त्याबरोबर एक कुजका काडीचा तुकडाही. त्याचा हात आपसूक तो काढायला गेला. त्यानं हात मागे घेतला. भरल्या पंगतीत कोणाच्या पानात माती वाढावी तसं त्याला होत होतं.

"साहेब, बाहेरून तरी पुसू का?"

साहेबानं काचेचं बूच त्याच्या हातात दिलं. "बाहेरून पुसा," तो म्हणाला.

पुंजाजीनं ती बाटली बाहेरून इतकी पुसली की आतली घाण लांबूनही स्वच्छ दिसू लागली.

अहवाल आला तेव्हा पुंजाजी नगरपालिकेच्या पायरीवर बसून होता. कारकुनानं वाचून दाखवलं: पाणी जनावरांस व भाजीपाल्यास अयोग्य. "अजून एकदा वाचा," पुंजाजी म्हणाला. मग त्यानं कागद घेतला आणि बाजारातून निघाला. वाटेत हलवायाकडे थांबून त्यानं पेढे घेतले. कसले पेढे म्हणून लोकांनी विचारलं. "नापास झालं!" पुंजाजी म्हणाला आणि ज्यानं विचारलं त्याच्या हातावर पेढा ठेवला. बाजार खो खो हसला. पोरगं नापास झाल्यावर पेढे वाटणारा हा जिल्ह्यातला पहिलाच बाप, असं एकजण म्हणाला. पुंजाजीलाही ते पटलं आणि त्यानं त्याला आणखी एक पेढा दिला.

विहीर काही लगेच झाली नाही. नारायणरावांना उद्घाटनाला मुहूर्त पाहिजे होता, सभेला अंदाजपत्रक पाहिजे होतं. पुंजाजी रोज सकाळी नारायणरावांच्या ओट्यावर जाऊन बसायचा. काही मागायचा नाही. नाल्याच्या पाण्याची एक बाटली तेवढी शेजारी ठेवून द्यायचा, बाहेरून लख्ख पुसलेली, बूच काढलेली. नारायणरावांच्या घरची माणसं नाकाला पदर लावून ये-जा करू लागली, तेव्हा मुहूर्त निघाला.

मळ्याच्या पलीकडच्या अंगाला, नाल्यापासून आणि खड्ड्यांपासून लांब, उन्हाळ्यात विहिरीला पाणी लागलं. नारायणरावांनी नारळ फोडला, भाषण केलं आणि त्यात नगरपालिकेच्या दूरदृष्टीचा उल्लेख केला. लोक पांगल्यावर जनकाबाईनं पहिली बादली ओढली. नव्या विहिरीचं पाणी, मातीनं तांबडं झालेलं. म्हशीनं वास घेतला आणि बादलीत तोंड घातलं ते रिकामी होईपर्यंत वर काढलं नाही.

मग जनकाबाईनं दुसरी बादली ओढली, पदराचं टोक तांब्याच्या तोंडावर धरलं आणि त्यातून पाणी ओतू लागली.

"गाळू नको," पुंजाजी म्हणाला. "जसं हाय तसंच दे. आता मले सवय लागली पाह्यजे."

जनकाबाईनं हात थांबवला नाही. "ते सरकारासाठी," ती म्हणाली. "तू माहा भाऊ हायस."

पुंजाजीनं तांब्या घेतला. काही विनोद करावा म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण मग तांब्याच तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली घेतला नाही.